यारेमाच्या पेल्यावरचा पाव

प्रिय यारेमा,

ह्नातचं लग्न झालं. तुझ्या पलटणीतल्या त्या दांडगोबाला बायको मिळाली, तीही शाळेत गणित शिकवणारी, आता बोल. आई आणि मी शुक्रवारी संध्याकाळी पोल्तावाहून रात्रीच्या गाडीने ल्विव्हला निघालो. निघण्याआधी रीतीप्रमाणे दोघंही सामानावर क्षणभर गप्प बसलो. दाराबाहेर पडल्यावर गॅस बंद आहे ना हे बघायला मी परत आलो, आणि परत फिरणं अपशकुन, म्हणून आईने पुन्हा बसायला लावलं. तू असतास तर म्हणाला असतास, "तिमक्या, तुझ्या नादाने एक दिवस लग्नाऐवजी बारशाला पोचू."

आईने तुझा निळा कोट घेतला होता, घडी न घालता, हँगरसकट. मला वाटलं माझ्यासाठीच. तो मला खांद्यात ढगळ होतो, पण मी बोललो नाही. डब्यात तिने तो खिडकीजवळच्या खुंटीला लावला. लुबनी स्टेशनवर एक जाडजूड मावशी चढली. तिने खारवलेल्या काकड्या काढल्या, आईने उकडलेली अंडी आणि कोंबडी, आणि डब्याची देखभाल करणारी बाई कानवाल्या धातूच्या कोंदणातल्या पेल्यांतून चहा देऊन गेली. मावशीने विचारलं, "मुलं किती?"

आई म्हणाली, "दोन. हा गॅस तपासणारा."

"आणि दुसरा?"

"दुसरा उशीर करणारा."

मावशीने कोटाकडे पाहिलं आणि सगळ्यात मोठी काकडी आईच्या हातावर ठेवली. पुढे काही विचारलं नाही. हल्ली आपल्याकडे कोणी विचारत नाही.

पहाटे सायरनमुळे गाडी शेतात उभी राहिली, तरी वेळेत पोचलो. चौकातली कॉफी तू आईला पाजणार होतास, ती मी पाजली. तिने अर्धीच प्यायली. म्हणाली, "कडू आहे. उरलेली त्याच्यासोबत."

चर्चमधलं सगळं नीट झालं. ह्नातने नवा पाय लावला होता. नवरीने त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं, "माझ्या पायावर पाय देणारच असलास, तर निदान खरा दे." तो कानापर्यंत लाल झाला आणि हसला.

मग आम्ही जेवणाच्या हॉलकडे गेलो. दाराशी पांढरा रुमाल घातलेलं एक लहान टेबल होतं. त्यावर तुझा फोटो, काळी फीत लावलेला, दारूने काठोकाठ भरलेला पेला आणि पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा. असा पाव कोणाच्या पेल्यावर ठेवतात ते तुला सांगायला नको. तो मेलेल्याचा घास, जिवंताने त्याला शिवायचं नसतं. कागदावर तू अजून बेपत्ता आहेस, पण ह्नातच्या आईने, श्टेफाकाकूंनी, तो मायेनेच ठेवला होता, आम्हाला बरं वाटावं म्हणून. आईने पाहिलं. रडली नाही. कोट छातीशी धरून तिथेच उभी राहिली, आणि मागची माणसं दारात खोळंबली.

मी कसा आहे तुला माहीत आहे. न्हाव्याने नको तसे केस कापले तरी मी आभार मानून घरी येतो. पण त्या वेळी मी तो पाव उचलला आणि खाल्ला. कोरडा होता, घशात अडकला, म्हणून पेलाही रिकामा केला.

श्टेफाकाकूंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "अरे पोरा, मेलेल्याचं खातोस?"

"मेलेल्याचं नाही, काकू. भावाचं. लहानपणापासून खातोय."

ह्नात काठी टेकत आला. "तिमिश, मी तिथे होतो."

"मग सांग. पडलेला पाहिलास की मेलेला?"

त्याने फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, "पडलेला. धूर होता. मला उचलून पळवत नेलं."

"पडलेल्याला बसायला खुर्ची देतात, ह्नात. पाव ठेवत नाहीत."

एकही शब्द मी मागे घेतला नाही. ह्नातने फीत काढून खिशात घातली आणि आपल्या शेजारी एक खुर्ची ओढली. आईने खुर्चीच्या पाठीवर तुझा कोट अडकवला, बाह्या सारख्या केल्या, आणि मला हळूच म्हणाली, "सगळा प्यायलास? घोटभर ठेवायचा होतास त्याला." नवरीचे आजोबा मात्र नाचता नाचता दर खेपेला कोटाच्या खांद्यावर थाप मारून म्हणत होते, "उशीर केलास रे."

काल आम्ही परतलो आणि आज लगेच लिहायला बसलो, त्याला कारण आहे. काही देह परत आलेत, त्यांना नावं नाहीत. नातलगांच्या रक्ताशी ते देह जुळवून बघतात. आज सकाळी त्यासाठी सरकारी कचेरीतून फोन आला. आईसाठी होता, मी उचलला. तिला येऊ देणार नाही, मी येतो, असं त्यांना सांगितलं. तिला हे अजून माहीत नाही. उद्या जाईन, हात पुढे करीन, विचारतील ते नीट सांगेन. त्यांचं उत्तर यायला वेळ लागेल, आणि यायचं ते येईल. पण ते येण्याआधी, कोणाची परवानगी न घेता, मला माझ्या जिवंत भावाला एक पत्र लिहायचं होतं. ते हे. पत्ता नाही, म्हणून तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवतोय. तुझा पेला मी संपवलाय, यारेमा. भांडायचं असेल तर स्वतः ये.

तुझाच, तुझ्या वाटचं खाणारा धाकटा,
तिमिश