पॉवर बँकेबद्दल तू विचारलेस म्हणून

मु. पो. घोडेगाव, ता. नेवासा
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय निकिता,

सप्रेम नमस्कार. तू खुशाल असशील अशी आशा आहे. रागावलेली असशील याची खात्री आहे. आमच्याकडे सर्व ठीक. कांद्याची आवक वाढली आहे, त्यामुळे लिलावाच्या दिवशी अण्णांना वजनाच्या काट्यावरून उठून जेवायलाही उसंत मिळत नाही. आईचा गुडघा आता बरा आहे. माझी परीक्षेपूर्वीची सुट्टी वाचनात जाते आहे. म्हणजे पुस्तक समोर असते.

बुधवारी तुझा निरोप मिळाला. ‘प्रवासाला हलकी पॉवर बँक कोणती घेऊ? तू सगळं वाचून ठरवतेस म्हणून विचारतेय. बाकी काही बोलायचं नाही.’ मोबाईलवर उत्तर लिहायला बसले आणि चार वेळा लिहून पुसले. शाईने लिहिलेले इतक्या सहज पुसता येत नाही, म्हणून कागद घेतला. दगडफुलांच्या अभ्यास शिबिरातली, मी न भांडता सोडली म्हणून तू रागावलीस ती जागा अजून रिकामी आहे आणि येत्या शुक्रवारी अंतिम यादी जाणार आहे, हे विभागाच्या सूचनेत मी वाचले. त्याविषयी पुढे लिहीन. आधी तू विचारलेस ते.

दहा हजार एमएएचची घे. वजन दोनशे ग्रॅमच्या आत असावे. वीस हजारांची घेशील तर वजन साडेतीनशेच्या पुढे जाईल, आणि कुमाऊँमधल्या त्या शेवटच्या गावानंतर चार दिवस सगळे सामान पाठीवर घेऊन चढायचे आहे. तिथे वीज नाही. पण कामही फक्त छायाचित्रे घेण्याचे आणि जागेच्या नोंदी करण्याचे. फोन फ्लाइट मोडवर ठेवलास तर एक चार्जिंग तीन दिवस सहज पुरेल. वायर वीतभरच घे. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून झोपताना ती मोज्यात गुंडाळून अंगाजवळ ठेव. चार दिवसांसाठी दोघींत मिळून एकसुद्धा पुरेल.

हे शेवटचे वाक्य खोडणार होते, पण असू दे.

ही माहिती केवळ वाचलेली नाही, दुकानात जाऊन पडताळलेली आहे. दुकानात का गेले हे सांगायचे तर आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारपासून सांगावे लागेल. त्या दिवशी तू मला न कळवता नगरहून बस धरून घोडेगावच्या कांदा बाजारात आलीस आणि अण्णांना भेटलीस. ते मला तुझ्याकडून कळले नाही, अण्णांकडूनही नाही. रंगुबाईंनी सांगितले. त्या आमच्या शेजारी राहतात आणि बाजारात कांदा निवडायला जातात. संध्याकाळी अंगणातूनच ओरडत आल्या, “पंके, तुझी मैतरीन लई तिखट हाय गं! तुझ्या बापाला भर काट्यावर झापलं तिनं.”

“काय म्हणाली?”

“म्हनली, ‘काका, साऱ्या तालुक्याचं माप तुम्ही चोख करता म्हणे, मग पोरीचंच कमी का धरलंत? तिनं पॉवर बँक कुठली न्यायची इथवर वाचून ठेवलं होतं, आणि तुम्ही नाही म्हणालात!’ गोनी काट्यावर तशीच. हमाल थांबले, यापारी थांबला. आमी तर कांदा हातातच धरून बसलो.”

“मग अण्णा?”

“त्यो काय म्हननार? मान खाली घातली. ‘व्हय बाई, चुकलं माझं,’ म्हनला, आन् त्या गोनीचं वजन पुकारलं.” मग जाता जाता त्यांनी विचारले, “पर येक सांग, मसाल्यातलं दगडफूल बगाया हिमालयात कशाला जायाचं? माझ्या डब्यात हाय की मूठभर!”

एरवी मी हसले असते. पण निकिता, अण्णांनी मला कधीच नाही म्हटले नव्हते. मी त्यांना विचारलेच नव्हते.

हे वाक्य लिहून मी उठले आणि अंगणात दोन फेऱ्या मारून आले. आता पुढचे लिहिते.

आपल्या दोघींची निवड झाली त्या दिवशी मला आनंद झाला, हे खरे. तो दोन दिवस टिकला. मग यादीतली नावे वाचली. देशभरातली तीस मुले, रोज संध्याकाळी प्रत्येकाने उभे राहून दिवसभराच्या कामाविषयी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलायचे. तू मला ओळखतेस. कागदावर मी कुठेच अडले नाही. दहावीपासून माझा पहिला क्रमांक कागदावरचाच आहे. पण अनोळखी माणसांसमोर उभी राहिले की माझा आवाज निघत नाही, आणि निघालाच तर तो मलाच अनोळखी वाटतो. भीती वाटते असे सांगण्याची लाज वाटली. म्हणून सरांना म्हणाले, “घरचे नको म्हणतात.”

सरांनी मान हलवली आणि नावापुढे फुली मारली. ‘घरी कोण नको म्हणतं?’ असे त्यांनी विचारले नाही, कोणीच विचारले नाही. आपल्याकडे मुलीने एवढे म्हटले की पुढचा प्रश्न संपतो. अण्णांना न पाहता, न भेटता सगळ्यांनी ते खरे मानले, आणि ते इतक्या सहज मानले जाईल हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी ते वापरले. एकटी तू तेवढ्यावर थांबली नाहीस. ज्याच्याआड मी लपले होते त्याच्याशी भांडायला थेट बाजारात गेलीस.

त्या शनिवारी अण्णा घरी आले, हातपाय धुतले, जेवले. सोमवारी बाजारातून आले ते पिशवीतून एक ठोकळा काढून माझ्या पुस्तकावर ठेवला. पॉवर बँक होती. खोक्यावर पन्नास हजार असा आकडा होता आणि ती उचलताना मनगट वाकत होते.

“जड बघून आनलीया,” ते म्हणाले. “लई दिस पुरल.”

मी ‘अण्णा, छान आहे’ एवढेच म्हणाले. त्यांच्या घरच्या छोट्या काट्यावर मी ती गुपचूप ठेवून पाहिली. अकराशे ग्रॅम भरली. मग वाचलेल्या सगळ्या माहितीवर भरवसा ठेवून गुरुवारी मी त्यांना म्हटले, की ती बदलून आणू. वापरणार कुठे, हे मी बोलले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

दुकानदार हनुमंत हे अण्णांच्या ओळखीचे. त्यांनी दहा हजारांची एक पातळशी पॉवर बँक पुढे ठेवली. अण्णांनी एका हातात ती घेतली, दुसऱ्यात आपली, आणि डोळे मिटून तोलू लागले.

“हनुमंता, ही तर आतनं पोकळ लागती. कांदा आसा हलका लागला तर आमी बाजूला काढतो.”

“पुंजारामभाऊ, हा कांदा न्हाई. हितं हलकंच भारी आसतं. तुमच्या पोरीला इचारा, तिनं आता आल्या आल्या मलाच शिकवलंय.”

मग मी समजावले. खोक्यावर छापलेल्या दहा हजारांपैकी फोनमध्ये प्रत्यक्षात साडेसहा हजारांच्या आसपासच उतरतात, बाकी वाटेत उष्णतेत आणि विजेचा दाब बदलण्यात जातात, हेही सांगितले. तिथे अण्णा भडकलेच.

“म्हंजी लिवलंय येक आन् देतंय येक? आन् तुमी समदे हे चालू देता व्हय? म्या गोनीमागं येक किलू कमी पुकारला तर माझा परवाना काढून घेत्याल!”

“भाऊ, समद्याच कंपन्यांचं आसंच हाय,” हनुमंत हसत म्हणाले.

“समदेच करत्यात म्हनून ते खरं व्हत न्हाई.”

ते हे पॉवर बँकेविषयी बोलत होते, निकिता. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. पण मला तिथे उभे राहवेना. बाहेर मोटारसायकलपाशी जाऊन थांबले. थोड्या वेळाने हलकी पॉवर बँक खिशात घालून तेही आले. किल्ली लावली नाही. गाडीवर हात ठेवून म्हणाले, “आता सांग. म्या न्हाई कवा म्हनलो?”

“तुम्ही म्हणालाच नाहीत.”

“मंग इचारलं का न्हाईस? म्या धाडलं नसतं, आसं वाटलं तुला?”

“नाही अण्णा. तुम्ही हो म्हणाल, याचीच भीती होती.”

त्यांना हे कळायला वेळ लागेल असे मला वाटले होते. लागला नाही. त्यांनी गाडीच्या आरशावरची धूळ पुसली. मग म्हणाले, “म्हंजी माझा आडोसा घेतलास. घ्यायचा तर सांगून घ्यायचा, बाई. म्या बी चांगला जोरात न्हाई म्हनलो आसतो. हितं मला काय म्हायतीच न्हाई, आन् ती पोरगी माझ्यावर आशी तुटून पडली!” एवढे बोलून ते हसले. हसताना त्यांचे डोळे भरले होते, की मला तसे दिसले, ठाऊक नाही. “पर ती पोरगी खरी हाय हां. तुझ्यापायी येवढ्या मान्सांत भांडली. तिला खरं कळाया पायजे.”

तुला ते कळावे म्हणून हे पत्र. पण तुझ्याआधी आणखी काही माणसांना कळणे भाग होते, कारण तुझे ते वाक्य भर बाजारात बोलले गेले होते आणि अण्णांनी ते तिथेच स्वतःवर घेतले होते. काल शनिवार, बाजाराचा दिवस. मी गेले. काटा चालू होता. हमाल, व्यापारी, रंगुबाई आणि त्यांच्याबरोबर कांदा निवडणाऱ्या सगळ्या बायका होत्या. मी म्हटले, “अण्णांनी मला शिबिराला नको म्हटलं नव्हतं. मी कॉलेजात खोटं सांगितलं होतं.” पहिल्यांदा आवाज इतका लहान निघाला, की एक हमाल म्हणाला, “काय म्हनती ती?” म्हणून पुन्हा म्हणावे लागले, मोठ्याने. रंगुबाईंनी गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आगं बया! म्हंजी आठ दिस आमी पुंजारामाला उगाच बोल लावला व्हय?” सगळे हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी वजन पुकारायचे थांबवून माझ्याकडे नुसते पाहिले.

तिथून परतताना सरांना फोन केला. घरचा नकार नव्हता, माझा होता, असे सांगितले. सर म्हणाले, “मग आता काय?” कागदावर लिहून ठेवलेले उत्तर माझ्या हातात होते, ते वाचायचे राहूनच गेले. “येते,” एवढेच म्हटले गेले. त्यांनी लेखी अर्ज मागितला आहे. तो आजच लिहिला. या पत्राबरोबर उद्या सकाळी टपालात टाकेन. तंबू दोघींत एक असल्यामुळे तुलाही कळवावे, असे त्यांनी बजावले.

तू मला माफ करावेस असे मी लिहिणार होते. पण ती मागणीही तुझ्यावर ओझे टाकणारीच आहे, म्हणून मागत नाही. तंबूत तू चारही दिवस माझ्याकडे पाठ करून झोपलीस तरी माझी तक्रार नसेल. रोज संध्याकाळी उभे राहायची माझी पाळी आली की मी अडखळेन, कदाचित मध्येच थांबेन. तेव्हा माझ्यासाठी कोणाशी भांडू नकोस. नुसती समोर बस.

मी येते आहे, निकिता. या वेळी हे कोणाच्याही नावाने सांगत नाही.

तुझी,
पंकजा