छोटी पुडी

वन्सं,

त्या सकाळी धार काढून, अंगण झाडून मी पेरणीला निघाले, तेवढ्यात तुमच्या भावानं कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीतली छोटी पुडी पुढं केली. "वाचा पंडितबाई, हिच्यात काय आहे?"

मी पत्रक वाचलं. साधं बियाणं होतं. ते शेताच्या कडेनं पेरायचं, म्हणजे अळ्या त्यावर जगतील आणि आतल्या बीटी कपाशीतलं अळी मारणारं विष पचवायला शिकणार नाहीत. आणखी चार ओळी लावायच्या! माझी कंबर आधीच मोडली होती. मी म्हटलं, "काही नाही, जाहिरात आहे." मग सगळ्या गावानं मलाच विचारलं, आणि सगळ्यांच्या पुड्या उकिरड्यावर गेल्या.

पाच वर्षांत अळ्यांना ते विष पचायला लागलं. ह्यांनी फवारणी वाढवली आणि पाठीवर पंप असतानाच ते कोसळले, ते गेलेच. तुम्ही औषधवाल्याला शिव्या घालता, तेव्हा मी खाली मान घालून भांडी घासते. हे पत्रही मी पाठवणार नाही.

त्यांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तुम्ही पुन्हा तेच बोललात. त्यानंतरच्या पेरणीला मी छोटी पुडी कडेनं पेरली. शेजारी हसला, "अळ्यांना जेवण घालताय का, वहिनी?" मी पत्रक काढलं आणि पहिल्या ओळीपासून त्याला वाचून दाखवलं.

तुमची भावजय