पंप चालू की बंद

पुणे, रविवार

ती. माय,

पाया पडतो. आबांनी हे पत्र तुला वाचून दाखवावं आणि मधे हसू नये.

मागचं चार पानी पत्र मी मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतलं होतं. "आपल्या मायेच्या शीतल छायेत माझे जीवन फुलले" हे ऐकून तू रडायला लागलीस आणि विचारलंस, "कोन मरनं?" रूपाने फोनवर सांगितलं. आपल्या सोनगीरला अशी भाषा फक्त श्रद्धांजलीच्या बॅनरवर असते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

इथेही तेच झालं. कंपनीचा पंप तपासून मी मोबाईलनेच लिहिलेला रिपोर्ट दिला. साहेबांनी तो पूर्ण वाचला आणि म्हणाले, "छान लिहिलंय, भूषण. पण पंप चालू आहे की बंद?" नोकरी शाबूत आहे, काळजी करू नको. फक्त रिपोर्ट आता हाताने लिहायचे आहेत.

आबांचा गुडघा कसा आहे? रूपा अभ्यास करते ना?

मी जेवतो का, हे तू विचारलं होतंस. चार पानांत तेवढंच राहिलं. जेवतो. मेसवाला वांग्याच्या भरतात साखर घालतो.

माले तुनी याद येस. हाई मी सोता लिखेल शे.

तुझा,
भूषण

ता. क. आबा विचारतीलच. पंप बंद होता.