गुलाबपाण्याची बाटली

मंगळवार, ता. ११

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक. ह्यांचा खोकला उतरला. सासूबाईंचा गुडघा आहे तसाच आहे, आवाजही.

तुझं पत्र मिळालं. अक्षरं ओळीवरून घसरली आहेत, म्हणजे उजव्या डोळ्याला आणखी कमी दिसतंय. तू लिहिलं नाहीस तरी मला वाचता आलं. 'माझ्यासाठी तू चेहरा बिघडवून घेऊ नकोस, माझं चाललंय' म्हणतेस. काय चाललंय? पापणी मिटत नाही म्हणून रोज डोळ्यावर चिकटपट्टी लावून झोपायचं, याला चालणं म्हणतात?

डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे. महिनाभरात नीट पापणी बसली नाही, तर बुबुळ वाळून डोळा जाईल. तुझ्या कानामागची कातडी दोनदा लावून झाली, दोन्ही वेळा आखडली. परक्याची तुझं अंग स्वीकारणार नाही. माझी स्वीकारेल. शाळेत बाईंना आपल्यातली कोण कोणती ते कधी कळलं नाही, आता रक्त तपासणाऱ्या यंत्रालाही कळेना.

आणि बिघडायचं काय राहिलंय? वरच्या पापण्यांवर पन्नाशीची कातडी लोंबते आहे, त्यातलीच काढणार. लोक हौसेने काढून टाकतात. माझी निदान कामाला येईल. टाकून दिलेलं मला कधी बघवलंय का?

घरात दोन दिवस महाभारत झालं. हे म्हणाले, "सही करण्याआधी मला विचारलं का नाहीस?" म्हटलं, "नाही म्हणाला असतात, म्हणून." सासूबाई म्हणाल्या, "देवाने दिलेलं अंग कापून वाटायचं नसतं." मी म्हटलं, "देवाने आधी एकच दिलं होतं. त्याची दोन त्यानेच केली. वाटणी मी सुरू केलेली नाही." त्यावर म्हणाल्या, "तुला मॅट्रिक होऊ दिलं तिथेच चुकलं."

इथवर मी हसत होते. मग त्या म्हणाल्या, "बाटली चुकली तिच्या हातून, आणि भोगायचं तू?"

मी जपमाळ खाली ठेवली आणि सांगून टाकलं, ताई. दोघांसमोर.

तुंबलेल्या मोरीसाठी कॉस्टिक सोडा मी कालवला होता. उरलेला ओतून द्यायचं जिवावर आलं, म्हणून गुलाबपाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरला. नाव लिहिलं नाही. घरात मोरी मीच धुते, कुणासाठी लिहायचं? आणि हाताच्या सवयीने ती बाटली आरशाखालच्या फळीवर गेली. तू चार दिवस राहायला आलीस, शिवून शिवून डोळे शिणले म्हणून कापसाचे बोळे भिजवलेस, डोळे मिटून पडलीस आणि पहिला बोळा उजव्या डोळ्यावर ठेवलास.

इस्पितळात तू सगळ्यांना सांगितलंस, "मीच न बघता मोरीतली बाटली उचलली." बाटली मोरीत नव्हती. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पावणेदोन वर्षं मी तुझं खोटं पांघरून बसले, रोज देवासमोरसुद्धा.

सासूबाईंनी खाली ठेवलेली जपमाळ उचलून माझ्या हातात दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच. ह्यांनी फक्त विचारलं, "इस्पितळात किती वाजता पोचायचं?"

हे प्रायश्चित्त नव्हे. कातडीच्या दोन चिंध्यांनी ते फिटत नाही, इतकं मला कळतं. मला तुझा डोळा शाबूत हवा आहे. लाज नंतर बघू.

फॉर्मच्या माझ्या भागावर सही झाली आहे. तुझा भाग कोरा आहे. शुक्रवारी सकाळी नऊला इस्पितळात ये. आली नाहीस तर मी तिथल्या बाकावर बसून राहीन, आणि मला बसल्या जागेवरून उठवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. अकरा मिनिटांनी मोठी म्हणून जन्मभर तुझं ऐकलं. या खेपेला ऐकणार नाही.

हे पत्र भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव. बाटलीचा भाग गाळू नकोस. गाळलास तर मी येऊन वाचीन.

तुझी धाकटी,
बाटली भरणारी