जेवणानंतर पळणारा काटा

कोल्हापूर

दोस्तांचे दोस्त गोमटेश यांस,

तुझ्या बाजूचा जय जिनेंद्र आणि माझ्या बाजूचा रामराम, दोन्ही मीच लिहून टाकतो. उत्तराचा तुझा आळस मला ठाऊक आहे. इकडं सगळं बरं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, असं प्रियदर्शनीनं फोनवर सांगितलं. ("बाबा आता पुण्यातच राहणार" असंही सांगितलं. लेकीनं बापाची काळजी घ्यावी, पण इतकी?) लिहायचं कारण आपला ट्रक.

तू गेलास आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरला वेड लागलं. दिवसभर काटा शहाण्यासारखा. पण इतकी वर्षं पाळीपाळीनं गाडी हाकताना तुझ्यासाठी दिवस मावळायच्या आत जेवलो, ती सवय काही सुटत नाही. (ढाबेवाला विचारतो, पथ्य हाय का काय?) आता एकटाच जेवतो. जेवून गाडी काढली की काटा थेट तांबड्या पट्ट्यात! इंजिन गरीब गाईसारखं चाललेलं आणि मीटर म्हणतोय, आता फुटतंय. दुसऱ्या दिवशी पिराजी मेस्त्रीकडं नेली की काटा पुन्हा साळसूद. पिराजी म्हणाला, "मालक, मीटरला काय बी झाल्यालं न्हाय, तुमालाच झालंय." तरी त्यानं बेल्ट बदलला, अल्टरनेटर खोलला, दुसरा मीटरही घालून पाहिला. संध्याकाळी जेवलो की तेच.

मग माझी खात्रीच पटली, की तुला सोडून जेवतो म्हणून गाडी रुसते. हसू नकोस. एकदा तुझ्या सीटवर कांदा-लसूण न घातलेली आमटी वाढून ठेवली. काटा पळायचा तो पळालाच, वर आमटी सीटभर झाली.

परवा शिरोळला भर दुपारी आभाळ अंधारून आलं म्हणून दिवे लावले, तर जेवायच्या आधीच काटा पळाला! म्हणजे दोष जेवणाचा नव्हता. रोज जेवून निघेपर्यंत अंधार पडायचा आणि दिवे लागायचे. पिराजीला सांगितलं तर म्हणाला, "व्हय की! आर्थिंग गेलंय, दिव्याचा करंट मीटरात घुसतोय." गेल्या पावसाळ्यात गाडीत शिरलेल्या पुराच्या पाण्यानं मीटरमागची वायर गंजली होती. घासून स्क्रू आवळला, काटा जाग्यावर आला.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. गाडी रुसली होती तोवर तुझी आठवण काढणारं माझ्याशिवाय आणखी कुणीतरी होतं. नुसता गंज निघाला. असो, प्रियदर्शनीला आशीर्वाद सांग.

तुझा,
आकाराम

ता. क. : तू यावंस असा माझा मुळीच आग्रह नाही. गुडघा सांभाळ.

आणखी ता. क. : तो स्क्रू काल मीच ढिला केला. काटा परत पळतोय. पिराजीला बोललो नाही, तो लगेच आवळून टाकेल; मेस्त्रीच बदलायचा विचार आहे. तू कधी येतोस?