चार बोटांचा डावा पाय

३ ऑगस्ट, रविवार

घर मिळालं! सौंसरच्या बसस्टँडपासून पायी पंधरा मिनिटं, मोहगावच्या रस्त्याला, आणि मागे संत्र्याची बाग. मालक भगवंतराव आणि जयवंताकाकू मागच्या दोन खोल्यांत राहतात, पुढच्या दोन माझ्या. समोरच्या खोलीत भिंतभर सागवानी फडताळ आहे, काचेच्या दारांचं. ते पाहिलं आणि बाकी काही न बघता मी हो म्हणून टाकलं. न्हाणीघराच्या दाराला कडी नाही, हे संध्याकाळी कळलं. असो.

भगवंतरावांनी विचारलं, मॅडम एकट्याच का? मी म्हटलं, छे, माझ्याबरोबर त्रेचाळीस जण आहेत. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग पेट्या उघडून दाखवल्या. काकूंनी तोंडाला पदर लावला. "अवं माय वं! ह्या तं पाली होय नं बाई!"

पाली नाहीत, डायनासोर आहेत. अडतीस वर्षांच्या, सरकारी नोकरीतल्या, गुरांच्या डॉक्टरीणबाईने जुनी खेळणी जमवावीत हे कुणालाच पटत नाही. मीही आता पटवत बसत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

दवाखान्यातून आल्यावर फडताळ लावलं. सगळ्यात वर पत्र्याचे चावीवाले दोघे, एकाची चावी हरवलेली. त्याखाली दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यातून फुकट मिळायचे ते रबरी सतरा. हे नागपूरचा रविवारचा जुना बाजार दहा वर्षं पालथा घालून जमवलेत. बंद पडलेल्या एका शाळेतला प्लास्टरचा लांबमान्या, नाकाचा टवका उडालेला. तळाला बाकीचे बावीस, प्लास्टिकचे. काडेपेट्यांची चित्रं फडताळाच्या दारावर आतून चिकटवली.

माझे सगळे जुन्या धाटणीचे आहेत, शेपूट जमिनीवर लोळवत चालणारे. शास्त्रज्ञ आता म्हणतात, असे ते चालतच नसत, शेपूट हवेत ताठ असायची. शास्त्र पुढे गेलं आणि ही बिचारी मागे राहिली. म्हणूनच मला हवीत.

मधल्या फळीवर एकटा, बाबांचा.

बाबा, वामन त्यांचं नाव, रेल्वेत सुतार होते. सात वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, मला नंदी नको होता, डायनासोर हवा होता. बाबांनी हसून मान हलवली आणि आठ दिवस बसून घडवला. हातभर उंच, जबड्यात दात, खाली चाकांची फळी. डाव्या पायावर पटाशी घसरली आणि तीनच्या जागी चार बोटं झाली. मी तो ओढत पोरांच्या रांगेत नेऊन उभा केला. मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, इथे फक्त बैल. मला दंडाला धरून रांगेतून उठवलं. ओढाताणीत चाकांची फळी तुटली. तेव्हापासून तो स्वतःच्या पायांवर उभा आहे, आणि मीही.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. घराला आग लागली तर मी नोकरीची कागदपत्रं सोडून आधी हाच उचलीन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन, बुंदीचे लाडू, दुपारी झोप. भगवंतरावांची बैलजोडी आहे, चांद्या आणि बादल. आसपास सगळ्यांचे ट्रॅक्टर आले, हे गृहस्थ ऐकत नाहीत. चांद्याच्या खांद्याला जुवाचं घट्टं होतं, मी मलम देऊन बरं केलं. त्या दिवसापासून काकूंच्या घरची भाजी रोज माझ्याकडे येते. आता फडताळही काकूच पुसतात. सतरा रबरी लहान म्हणून त्यांना "बारके" म्हणतात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा, आज खांदेशेकणी. भगवंतरावांनी बैलांना न्हाऊ घातलं, खांद्यांना तूप-हळद लावली, पळसाच्या पानांनी शेकलं आणि हात जोडून दोघांच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ज्यांच्या मानेवर ओझं टाकलं, त्यांना माणसासारखं आमंत्रण. मला भरून आलं, उगाच का लपवा.

आणि मग मला लहर आली. वाटीत उरलेली तूप-हळद घेऊन आत गेले. बाबांच्या डायनासोरच्या खांद्याला लावली. मग वाटलं, एकालाच का? मला एकदा रांगेतून उठवलं होतं, मी कुणाला उठवणार नाही. त्रेचाळीसही जणांना बोटबोट लावली, पळसाचं पान फिरवलं आणि मोठ्याने म्हटलं: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!

भगवंतराव दारात उभे होते. हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तान्ह्या पोळ्यातला नंदी कोनाच्या नावाचा रायते? बैलाच्या. मंग तुमचं आवतन कोनाले गेलं?"

मी म्हटलं, ज्याला गेलं असेल तो येईल. ते गेले भाजी निवडायला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दिवसभर रामाकोन्याला. गाय अडली होती, वासरू उलटं. दोघं वाचली, पण परत येईतो अंधार पडला. काकू सांगत होत्या, तोरणाखाली चांद्या आज उभाच राहीना, बागेकडे बघून मागे सरत होता, पुरणपोळीही तोंडात घेतली नाही. मी म्हटलं, ढोलताशाला बिचकला असेल. काकूंनी दिलेली पोळी दोन घास खाल्ली आणि ताटावरच डोळे मिटायला लागले.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी भगवंतरावांनी बागेत बोलावलं. रात्री पाऊस झाला होता. तिसऱ्या ओळीतल्या झाडांमधून पावलं उमटली होती. ढोपरभर लांब, चिखलात तीन बोटांची वाटणारी. दोन पावलांच्या मधून एक सलग चर, पोतं ओढत नेल्यासारखा.

शेपूट. लोळवलेली.

मी बसून मोजमाप घेतलं. कुणी चावटपणा केला असेल तर बारकाईने केलाय, असं म्हणत हसलेही. दवाखान्यातलं प्लास्टर आणून एका पावलाचा ठसा काढला. चव्वेचाळीसावा नग! ठसा वाळल्यावर उलटा केला आणि मग दिसलं. डावा पाय. चार बोटं.

ही गोष्ट मी या गावात कुणालाही सांगितलेली नाही.

भगवंतरावांना बाबांच्या डायनासोरचा डावा पाय दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, काल पाहुण्यांना जेवायला काय वाढलं? तेव्हा आठवलं. काहीच नाही, विसरले. ते मटकन बांधावर बसले. "आवतन देल्लं अन् उपाशी ठेवलं? असं कोनी करते का मॅडम?"

गावातल्या पोरांनी मारबत, शिवेबाहेर नेऊन जाळायचा पुतळा, काढली होती, सगळी रोगराई घेऊन जाय म्हणून ओरडत रस्त्यावरून चालली होती. भगवंतराव म्हणाले, तो लाकडाचा त्यांच्यासंगं देऊन टाका, शिवेबाहेर जळू द्या. "लाकूडच तं हाये. मी तुमच्यासाठी दुसरं घडवून आनतो."

मी नाही म्हटलं. चांगलं तीनदा नाही म्हटलं. माझ्या बापाच्या हातचं आहे ते. एकदा लोकांनी त्याला हाकललं, आता मी हाकलू? दार लावून घेतलं. मारबत निघून गेली.

२४ ऑगस्ट, रविवार

चूक माझी, निस्तरीनही मीच. पुरणपोळी, कढी, वडे, सगळं केलं. भर बारा वाजता बागेत पान वाढलं आणि ओसरीवर बसून राहिले. कुणी आलं नाही. पण पानाला मुंगीसुद्धा लागली नाही. बागेत एक पाखरू ओरडत नव्हतं.

दोन वाजता गोठ्यातून हंबरडा आला. चांद्याच्या खांद्यावर, बरोबर जिथे हळद लावली होती तिथे, दातांच्या दोन ओळी. सोळा वर्षं जनावरांच्या जखमा बघतेय. कुत्रा नाही, बिबट्या नाही. बावीस टाके घातले.

२५ ऑगस्ट, सोमवार

चांद्या नाही. दावं तुटलेलं. गोठ्यापासून बागेपर्यंत चर, चराच्या दोन्ही बाजूंना रक्त.

भगवंतराव रडले. मग त्यांनी तुटलेलं दावं गुंडाळून खुंटीला टांगलं. काकूंनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, "पोरी, देऊन टाक वं ते. आज चांद्या गेला, उद्या मानूस जाईन." पहिल्यांदाच मॅडम म्हणाल्या नाहीत.

मी बाबांचा डायनासोर उचलून चुलीपाशी नेला. खरंच नेला. तुपाने तो अजून पिवळा, चिकट होता. त्याच्या पोटाखाली बाबांनी माझं नाव कोरलंय, प्रज्ञा, "ज्ञ" जरा वाकडा. काडी विझवली.

जाळणार नाही. पाहुणा उपाशी आहे, मारेकरी नाही. त्याचं जेवण चुकतंय. दात आहेत त्याला, पुरणपोळी काय खाईल?

इतकी साधी गोष्ट गुरांच्या डॉक्टरला कळायला चांद्या जावा लागला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

बाजारातून पाच किलो मटण आणलं. बारा वाजता बागेत मोठी पत्रावळ मांडली. पाट ठेवला. शेजारी तांब्या. हात जोडून म्हटलं, परवा चुकले, आज जेवा.

ओसरीत पाठ करून बसले. पाहुणा जेवताना त्याच्या तोंडाकडे बघू नये.

आला. सांगणार नाही काय ऐकलं. जमीन हलते तेव्हा पोटात कळतं. हाडं फुटण्याचा आवाज. मग लांब श्वास. मग पाणी पिण्याचा.

वीस मिनिटांनी बघितलं. पत्रावळ साफ. तांब्या उपडा.

धावत घरात आले. बाबांच्या डायनासोरच्या खांद्यावरची हळद गेलेली! तूप नाही, डाग नाही, कोरडं जुनं लाकूड. जेवला, तृप्त झाला, गेला. आणि मी त्याला जाळलं नाही! मोठ्याने रडले, हसले. भगवंतरावांच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, "जिद्दी हायेस बाप्पा." ते आणि काकू उद्या गणपतीसाठी मोहगावला लेकीकडे जातायत. बादलकडे मी बघणार आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी दोघांना बसमध्ये बसवलं. घरी येऊन फडताळ पुसायला घेतलं.

बेचाळीस पिवळे.

वरचे दोघे पत्र्याचे. प्लास्टरचा. सतरा बारके. तळाचे बावीस. सगळ्यांच्या खांद्यावर हळद ताजी, ओली. बोटाला लागते.

सगळ्यांची तोंडं दाराकडे. काल नव्हती.

मी एकट्यालाच बोलावलं नव्हतं.

सव्वादहा

बागेत चर. एक नाही. मोजणं सोडून दिलं. एक तर बैलगाडीएवढा रुंद. प्लास्टरचा लांबमान्या, त्याचाच. तिसऱ्या ओळीतल्या झाडांना शेंड्यापर्यंत पान नाही.

बादलला सोडलं. सौंसरच्या रस्त्याला लावला, पाठीवर दोन फटके दिले. पळाला. शहाणा आहे.

भगवंतरावांचा फोन. सांगितलं. ते ओरडले, पेटवून दे सगळे, पोरी, नाही तं पळ. मी पळाले तर हे पाहुणे मला शोधत येतील. दवाखान्यात, मोहगावात, काकूंच्या लेकीच्या घरी. आवतन मी दिलंय. वाढणार मी.

साडेअकरा

घरात होतं ते सगळं काढलं. पालेखाऊंना संत्र्याचा पाला, कडबा, बादलची सरकीची ढेप. दातवाल्यांना उरलेलं मटण, अंडी, दूध. बेचाळीस पत्रावळी, ओसरीपासून बागेपर्यंत, सरळ रांगेत. बारक्यांना पुढे.

एकतीस भरल्या.

अकरा रिकाम्या. त्या अकराही दातवाल्यांच्या.

मटणाची दुकानं आज बंद. चतुर्थी.

चुलीकडे एकदा बघितलं. अकराच तर जाळायचे. कोणते अकरा? कुणाला सांगू, तुझं पान नाही, ऊठ?

तेच ते मंडळवाले. तोच दंडाला धरलेला हात. नाही. मेले तरी नाही.

बाराला पाच

पाट घेऊन शेवटच्या रिकाम्या पत्रावळीपाशी बसले आहे. बाबांचा मांडीवर. हा जेवलाय, हा काही करणार नाही. खांद्याला माझ्याही हळद लागलीय, कधी लागली ठाऊक नाही. ओली आहे.

भीती वाटतेय. खूप वाटतेय. लिहिलंच पाहिजे ते.

पाखरं गप्प झाली.

जमीन—

बारके आधी. ओळीत येतायत, पोरांसारखे. त्यांच्यामागे— झाडं वाकतायत—

एकेकाला जागा आहे. गर्दी नको.

माझ्यासमोर अकरा जण थांबलेत. पानात बघतायत. मग माझ्याकडे.

बाबा, रांग मोडली नाही.

या. बसा. मी कुणालाही पानावरून उठव—