सुरुंगाआधीची हजेरी

चेत ५

पोहोचलो एकदाचा. वाटेत गोरख्यांनी हसून घेतलं, की रस्ते फोडणारा पायोनियर म्हणजे खेचराच्याही खालचा, खेचर निदान कुदळ मारत नाही. मी म्हटलं, तुमच्या तोफा ज्या रस्त्यावरून ओढता तो कुणी फोडला ते जरा खाली वाकून बघा.

पलटणीने मात्र जावयासारखं घेतलं. लंगरावरच्या हाकम सिंगाने माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, हे हात घण उचलायला आणलेत की कणीक मळायला, आणि उत्तराची वाट न बघता पानात फुलके टाकतच राहिला. बूट मिळाले, बंदूक मिळाली आणि पाठीवर बांधायची कुदळ मिळाली. गावात जाट आम्हा मजहबी शिखांना विहिरीची पायरी चढू देत नाहीत. या वेशात मला बघतील तेव्हा त्यांची तोंडं बघायची आहेत.

कुदळीच्या दांड्यावर वरयामचं नाव कोरलेलं आहे. वरयाम माझा थोरला भाऊ. तो हिवाळ्यात याच रस्त्यावर गेला. त्याच्या जागी मी भरती झालो आहे, आणि बेबेने, आमच्या आईने, निघताना एकच सांगितलं आहे, की त्याची फुलं घेऊन ये. चितेतली हाडं ती स्वतः कीरतपूरला नदीत सोडणार, तोवर पोरगा गेला हे ती मानायला तयार नाही. रोज दोघांचे फुलके करते. मी जेवताना सहज विचारलं, की वीरजींची, माझ्या थोरल्या भावाची, फुलं कुणाकडे ठेवली आहेत. सगळे आपापल्या वाटीत बघायला लागले. दमलेले असतील, उद्या विचारीन.

चेत ६

आज पहिल्यांदा काम केलं. मला नाईक झंडा सिंगाचा जोडीदार नेमलं आहे. हाच वरयामचाही जोडीदार होता. कातळाला सुरुंगाचं भोक पाडायचं तर एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा. प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची आणि मान खाली ठेवायची. वर बघितलंस की हात हलतो आणि हात हलला की घण मनगटावर येतो, असं झंडा सिंग म्हणाला. दिवसभरात एवढंच बोलला. माणूस डोंगराएवढा, पण माझ्या तोंडाकडे बघत नाही. मी म्हणे भावासारखाच दिसतो.

काम काळ्या मोडीवर, म्हणजे रस्त्याच्या वळणावर, चाललं आहे. वर सरळ कडा, खाली नदीचा आवाज, पलीकडच्या कड्यावरून अधूनमधून दुश्मनाची गोळी येते. संध्याकाळी सुरुंग उडवायचे. वात पेटवण्याआधी सगळ्यांनी मागे ओळ धरायची आणि जमादार भूप सिंग एकेक नाव पुकारतात. कुणी कड्याखाली राहू नये म्हणून ही हजेरी.

त्यांनी वरयाम सिंग असं नाव पुकारलं.

ओळीत कुणी हललं नाही. जमादार वाट बघत उभे. मला वाटलं, हे लोक माझ्या भावाला पळपुटा ठरवताहेत. गावात नंबरदाराचा, म्हणजे पाटलाचा, माणूस पोरांना वेठीला पुकारायचा तेव्हा वरयाम स्वतःची ओ द्यायचा आणि लगेच माझ्या चिरक्या आवाजात माझीही द्यायचा. दोघांचं काम एकटा उपसायचा, म्हणून मी गुरुद्वाऱ्यातल्या भाईजींकडे बसून ही अक्षरं शिकलो. ते सगळं आठवलं आणि मी मोठ्याने ओरडलो, हाजर.

झंडा सिंग मटकन खाली बसला. जमादारांच्या हातातली वात विझली.

नंतर हाकम सिंगाने मला भांडी घासायला बसवून झाप झाप झापलं. आमच्यात माणूस मेला म्हणत नाहीत, चढाईला गेला म्हणतात. पलटणीची रीत अशी, की माणूस पडला तर पुढच्या हजेरीत त्याचं नाव शेवटचं पुकारायचं आणि त्याच्या जोडीदाराने सांगायचं, चढाईला गेला. मग तो सुटला. झंडा सिंग हिवाळ्यापासून ते बोलतच नाही, म्हणून नाव रोज पुकारावं लागतं. "आणि तू, अकलेच्या कांद्या, त्याला हाजर केलंस," हाकम सिंग म्हणाला. मी हसायला गेलो. तो हसत नव्हता.

चेत ८

माझ्यापासून हातभर अंतरावर फावडं मारणारा किशन सिंग गेला. गोळी गालातून शिरून मानेतून निघाली. तो फावडं सोडायला तयार नव्हता, दोघांना बोटं उलगडावी लागली. पलीकडच्या कड्यावर आमच्या लोकांनी चढून गोळी मारणाऱ्या दोघांना गाठलं आणि कुदळींनीच संपवलं. कुदळी ओढ्यात धुतल्या आणि परत कामाला लागले.

हजेरीत किशन सिंगाचं नाव आलं. त्याचा जोडीदार रडत रडत पण स्पष्ट म्हणाला, चढाईला गेला. खरंच सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. लगेच देवदाराची चिता रचली. फुलं उद्या वेचतील.

म्हणजे लाकूड आहे. चिताही रचतात. मग वरयामची फुलं कुठे आहेत? झंडा सिंगाला विचारलं तर उठून गेला.

हजेरीत किशन सिंगानंतर वरयामचं नाव आलं होतं, तेव्हा मी ओ दिली नाही.

चेत ९

सकाळी काळ्या मोडीवर गेलो तर कातळात नवं भोक तयार. खोल, गोल, एका सरळ रेषेत. दगडाचं पीठ अजून कोरडं. पहार भोकातच उभी होती आणि हाताला चटका बसेल इतकी गरम. पहारेकऱ्यांनी शपथेवर सांगितलं, की कुणी फिरकलं नाही.

जमादारांनी आधी कुणाची मेहनत म्हणून पाठ थोपटायला माणूस शोधला. मग भोकात बोट घालून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. प्रत्येक जोडीच्या कामाची ठेवण वेगळी असते म्हणे. पलटणीतल्या कुणालाही हे भोक कुणाचं ते विचारावं लागलं नाही.

बेबेने सांगितलेलं काम एवढं साधं होतं. पिशवीभर हाडं घ्यायची आणि घरी न्यायची.

चेत ११

लगेच लिहून ठेवतो. नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

भर दुपार. मी पहार धरून बसलेला, मान खाली. घण पडत होता. आज झंडा सिंगाला सूर सापडला म्हणून मी मनात खूश होतो, कारण पहार हातात नाचत होती, जराही झिणझिण्या नाहीत. प्रत्येक घावाला वरून हुंकार येत होता. आखूड, नाकातला. ऊस तोडताना वरयाम असाच हुंकारायचा.

मी वर बघितलं नाही. समोर बघितलं. झंडा सिंग पलीकडे मशकेतून पाणी पीत होता.

घण पडतच होता. मी पहार फिरवतच होतो. सोडली असती तर — सोडवेना. मानेवर दगडाची धूळ पडत होती. ओली. पुसली तर बोटं लाल झाली.

मग कुणीतरी मला काखेत धरून मागे ओढलं. हाकम सिंग. तो म्हणतो, मी एकटाच बसलो होतो आणि पहार आपोआप आत जात होती.

चेत १२

झंडा सिंग बोलला. मी त्याच्या छातीवर बंदूक टेकवली होती, पण त्याला तिची गरज नव्हती. इतके दिवस कुणीतरी विचारावं म्हणूनच थांबला होता.

हिवाळ्यात कडा घसरला आणि वरयाम कमरेपासून खाली एका मोठ्या शिळेखाली अडकला. रस्ता बंद. मागे तोफा अडकलेल्या, जखमी अडकलेले, वरून गोळ्या. साहेबाचा हुकूम आला, की शिळा उडवा. झंडा सिंग म्हणाला, खाली माणूस आहे. साहेब म्हणाला, मागे शंभर आहेत. वरयाम म्हणत होता, जोडीदार, पाय तोड, कुऱ्हाड आण आणि पाय तोड. तेवढा वेळ कुणी दिला नाही. शिळेला भोक पाडताना पहार झंडा सिंगानेच धरली.

सुरुंगाआधीची हजेरी मात्र झाली. सवयीने. जमादारांनी वरयाम सिंग पुकारलं आणि शिळेखालून त्याने ओ दिली, हाजर. सगळ्या ओळीने ऐकलं. आणि झंडा सिंगाने वात पेटवली.

म्हणून फुलं नाहीत. काही कड्यावर राहिलं, बाकी नदीत गेलं. म्हणूनच झंडा सिंगाला चढाईला गेला असं म्हणवत नव्हतं. "चढाईला कुठे गेला तो, आम्ही मारला त्याला," तो म्हणाला.

मी त्याला मारणार होतो. त्याऐवजी त्याच्या पायाशी बसलो आणि विनवलं, की आज बोल, त्याला सोडव. तो हो म्हणाला.

संध्याकाळी नाव आलं. झंडा सिंगाने तोंड उघडलं. त्याच्याआधी ओळीच्या पाठीमागून, माझ्या अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, हाजर.

कुणी मान वळवली नाही. मीही नाही.

चेत १३

झंडा सिंग गेला.

सकाळी न्हाला, अरदासची प्रार्थना केली, केस नीट बांधले आणि पहार घेऊन एकटाच काळ्या मोडीवर गेला. आज धरायची पाळी माझी, एवढंच म्हणाला. आम्ही मागे धावलो, पण मोडीच्या अलीकडे पाय अडले. तो बसला. पहार धरली. मान खाली.

घण त्याच्याशेजारी पडला होता. तो आपोआप उचलला गेला.

पहिले काही घाव पहारेवर. मग मनगटावर. त्याने पहार सोडली नाही, दोन्ही हात लोंबत असताना कोपरांत धरून ठेवली. मग खांद्यावर. मग — डोक्याचं मी लिहीत नाही. आम्ही सगळे बघत होतो. कोवळं ऊन होतं. प्रत्येक घावाला हुंकार.

हजेरीत त्याच्या नावाला मी उत्तर दिलं. आता त्याचा जोडीदार मीच. चढाईला गेला, म्हटलं. तो सुटला.

वरयामच्या नावाला कुणी बोलेना. जमादारांनी नंतर माझा हात धरला. पहिल्यांदाच मला पुत्तर म्हणाले. रक्ताचा तू आहेस, हाजर तू केलंस, आता उद्या तूच सांग, असं म्हणाले. मी उद्या सांगतो म्हटलं.

आजच सांगायला हवं होतं. पण एकदा तो सुटला की मी बेबेला काय देऊ? निदान एक हाड. बोटाएवढं. सकाळी कड्यावर बघतो.

चेत १४

कडं सापडलं. त्याचं लोखंडी कडं, कातळाच्या फटीत घुसलेलं, आत हाडाचा तुकडा. मी हात घातला. ओढलं. आतून —

आतून कुणीतरी धरलं.

मग वरचा कडा अंगावर कोसळला.

जिवंत आहे. कमरेपासून खाली शिळा. पाय आहेत की नाहीत कळत नाही, दुखत नाही. उजवा हात मोकळा. वही पगडीत होती, पेन्सिल पण. फटीतून उजेड येतो. ओरडून बघितलं. धुळीने घसा बसला आहे, नदी मोठी आहे.

कडं मनगटात आहे. मी घातलं नाही.

आमचे लोक आले. आवाज ओळखू येतात. हाकम सिंग विचारतोय, निधान कुठे आहे. चला, शोधतील. कुणीतरी म्हणतंय, तो काय मागे उभा आहे. हाकम सिंग म्हणतोय — अरे, तू इथेच होतास होय, तोंड का असं पांढरं —

मी इथे आहे. दगडाने दगड ठोकतोय. वर ते पहार ठोकताहेत. त्यांना माझा ठोका त्यांचाच वाटतो.

रस्ता बंद झालाय. शिळा उडवणार.

ठोकणं थांबलं. मागे सरकले. हजेरी. देवा, हजेरी. माझं नाव आलं की ओरडायचं, सगळा जीव एकवटून, जमादार थांबतील, ते नेहमी थांबतात —

निधान सिंग.

हाजर.

मी नाही. मी तोंड उघडलं होतं फक्त. माझ्याच आवाजात. चिरक्या. वेठीला पुकारायचे तेव्हा वरयाम माझी ओ द्यायचा तशी. वीरा, नको रे.

वरयाम सिंग.

तोच माझा आवाज. स्पष्ट. चढाईला गेला.

सगळी ओळ सुस्कारा सोडते आहे. हाकम सिंग रडतोय. शाबास पुत्तर म्हणताहेत जमादार.

तो माझ्या रूपात सुट्टीवर घरी जाईल आता. बेबे दोघांचे फुलके — तिला एक पोरगा परत मिळेल. तिला कळेल का? कळू नये. कळावं. बेबे, तो मी —

वातीचा वास.

जमादार, ऐका, मी निधान, शिळेखाली, मी हाज